भिमाजीनानांचे तीन फूट

७ एप्रिल, सोमवार

भिमाजीनानांनी जमीन घेतली नाही. चहा दिला.

बाबांना जाऊन आज तीन आठवडे झाले. म्हटलं, आजच उरकावं. शाळेत जायच्या आधी नानांच्या गोठ्यावर गेलो. ते धार काढत बसले होते. चार दिवस मनात जुळवलेलं एका दमात बोलून टाकलं — आमच्या बाबांनी दर नांगरटीला तीन-तीन बोटं तुमचा बांध कोरला, त्याचे आता तीन फूट झालेत, जाताना बाबांनी ते परत द्यायला सांगितलंय, तर घ्या.

एवढं लांब मी वर्षभरात कुणाशी बोललो नसेन.

नाना धार काढत राहिले. गाईनं पाठ थरथरवली, माशी उडाली. मग म्हणाले, "ज्यानं घेतलं त्यानं द्यावं. मेल्या माणसाकडनं मी काय घिऊ?"

मी म्हणालो, मी वारस आहे. तर म्हणाले, वारस सातबाऱ्यावर असतो. आणि बायकोला, गोजरबाईंना, चहा ठेवायला सांगितला.

बाबा शेवटी एवढंच बोलले होते — "भिमाजीचं रान परत द्यायचं." तीनदा म्हणाले. मी तीनदा हो म्हणालो. मग पाणी मागितलं, दोन चमचे घेतलं. प्रार्थना कोण घेणार, भाऊबंद दहाव्याचा आग्रह धरतील त्यांना काय सांगायचं, यातलं काही बोलले नाहीत. फक्त रान.

दिवसभर प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुतल्या. दोन फुटल्या.

८ एप्रिल, मंगळवार

शाळेतली मोजणीची टेप आणली. बायकोला, आशाला, दुसरं टोक धरायला लावलं.

हद्दीचा जुना दगड आमच्या कांद्याच्या रानात उभा आहे. बांध त्याच्या पलीकडे तीन फूट. लांबी दोनशे वीस. म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून थोडं जास्त. एवढ्या जागेत साधी चारचाकी नीट वळत नाही.

बाबा नांगरटीच्या दिवशी याच दगडावर बसायचे. नांगर त्यांना वळसा घालून जायचा. त्यामुळे दगडाभोवती बैलगाडीच्या चाकाएवढं रान कायम पडीक. आजही तिथं हरळी आहे.

आशा म्हणाली, कांदा निघालाय तोवर देऊन टाका, नंतर पिकासकट द्यावं लागेल. तिला यात काही विचित्र वाटत नाही. बरं वाटलं.

शेजाऱ्याची हद्द सरकवू नये हे वचन बाबांच्या बायबलमध्ये लाल पेन्सिलीनं खुणावलेलं आहे. समासात 'मे २००४' लिहिलंय आणि खाली बारीक उभ्या रेघा. मोजल्या — सोळा. बाबा आपला अपराध वर्षावर्षाला मोजत होते तर!

९ एप्रिल, बुधवार

अर्धी रजा टाकून तलाठ्याकडे. कोवळा मुलगा आहे, नम्र. म्हणाला, जमीन बळकावल्याची तक्रार असते, बळकावलेली परत देण्याचा अर्ज मी अजून पाहिलेला नाही. शेजाऱ्याला तक्रार करायला सांगा, तुम्ही मान्य करा, झालं.

संध्याकाळी नानांना सांगितलं. नाना म्हणाले, तुझ्या बापाच्या, गेणूभाऊच्या विरोधात मी कागदाला हात लावणार नाही.

मग मीच तक्रार लिहिली. अर्जदार — सुदर्शन. ज्याच्याविरुद्ध तक्रार तो — सुदर्शन, मयताचा वारस म्हणून. लिहून झाल्यावर वाचली. मी माझ्यावर बराच कडक होतो.

१० एप्रिल

तक्रार फाडली. सुटी होती, ऑफिस बंद होतं.

१२ एप्रिल, शनिवार

गावभर झालंय. पण देतोय हे झालं नाही. रानात काहीतरी आहे, म्हणून देतोय, असं झालंय.

हनुमान जयंतीचा प्रसाद घेऊन सात-आठ जण देवळातून थेट आमच्या रानात आले. एकानं तळहातावर नारळ आडवा धरला होता आणि तो तीन फुटांच्या पट्ट्यातून हळूहळू चालत होता. खाली पाणी असलं की नारळ उभा राहतो म्हणे. बाकीचे मागून चालत होते, रांगेनं, पट्टा अरुंद असल्यामुळे. मी बांधावर उभा होतो, मला नमस्कार केला.

नारळ उभा राहिला नाही. तेव्हा ते म्हणाले की मग सोनं असेल.

आशानं बाबांची ट्रंक उघडली. बैलांच्या गळ्यातले घुंगरू, दोन धोतरं, चष्म्याची रिकामी पेटी. बैल विकले त्या दिवशी बाबा जेवले नव्हते. ट्रॅक्टरला त्यांनी कधी हात लावला नाही. दारात उभा असला तरी लांबून जायचे. पाच वर्षांपूर्वी तो विकला, तेव्हा मात्र दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

बाबांच्या चपला अजून दाराशीच आहेत. डाव्या चपलेत एक बेडूक राहायला आलाय. आशा झाडताना चपला उचलत नाही, भोवतीनं झाडते.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

वारूळवाडीला उपासनेला गेलो. हार्डवेअरच्या दुकानावरची खोली, वीस-बावीस माणसं. पाळकसाहेबांना सगळं कळलेलं होतं. बाहेर पडताना त्यांनी माझा हात धरून ठेवला. म्हणाले, जग काय म्हणेल याची पर्वा न करता देवाचं ऐकणारा माणूस आज दुर्मिळ आहे, तुम्ही शुक्रवारी सगळ्यांपुढे साक्ष द्या.

मी म्हणालो, अजून जमीन दिलेली नाही.

ते म्हणाले, मनानं दिलीत ना!

१५ एप्रिल, मंगळवार

शिष्टमंडळ. दुसरा शब्द नाही. सरपंच राघूभाऊ आणि बारा-तेरा शेतकरी. ओसरीत मावले नाहीत, अर्धे अंगणात. लंकाबाई पण होत्या — नानांच्या पलीकडचं रान त्यांचं.

राघूभाऊंनी काडी घेऊन अंगणातल्या मातीत आख्खं शिवार काढलं. समजून सांगितलं. मी नानांना तीन फूट दिले की मोजणीचा विषय निघणार. मग नानांचा पलीकडचा बांध लंकाबाईंच्या रानात दोन फूट आत आहे, ते द्यावे लागणार. लंकाबाई त्यांच्या पलीकडच्यात दोन फूट, तो त्याच्या पलीकडच्यात. असं करत करत काडी ओढ्यापर्यंत गेली.

"शेवटच्या माणसाला वढा मिळंल," राघूभाऊ म्हणाले. "तो वढ्यात काय पेरंल, सांग बरं."

कुणी हसलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. मी ओढ्यात काय पेरता येईल याचा खरंच विचार केला.

लंकाबाई म्हणाल्या, माझ्याबाबत खोटं आहे, मी दोन नाही, दीडच फूट खाल्लंय. त्यावरून त्यांच्यातच जुंपली. कोण कुणाचं किती खातंय हे अर्ध्या तासात सगळं बाहेर आलं. प्रत्येकाला अगदी बोटांपर्यंत माहीत होतं, स्वतःचंही आणि दुसऱ्याचंही! मोजणीवाल्यांची गरजच नाही.

जाताना लंकाबाई दारात थांबल्या. म्हणाल्या, "गेणूभाऊ मुंगी आली तरी पाय उचलून टाकायचा. त्यानं खाल्लं?"

हो म्हणालो.

"न्हाई पटत," म्हणाल्या आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघून गेल्या.

१६ एप्रिल

हर्षालीचा चाकणहून फोन. बहीण म्हणून तिचीही सही लागेल असं तिला कुणीतरी सांगितलंय. आधी ओरडली. मग रडली — बाबा तिच्याशी शेवटचं काहीच बोलले नाहीत, आणि बोलले ते काय, तर भिमाजीचं रान! मग तिनं तोडगा काढला. ती जमीन देवाला अर्पण कर. देवाला अर्पण केली म्हणजे ती आपल्याकडेच राहील.

मी म्हणालो, देव काय तिथं येऊन राहणार आहे का.

म्हणाली, बाबांसारखा बोलू नको.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार

साक्ष दिली.

मी उभा राहून कधी बोलत नाही, म्हणून लिहून नेलं होतं. बाबा बांधाकडे नांगर थोडा आत घालायचे, दर वर्षी तीन बोटं, कुणाला दिसत नव्हतं पण देव बघत होता, असं. बाबांना त्याचं कसं ओझं होतं, असं. मग पुस्तकातल्या सोळा रेघा सांगितल्या. तेव्हा बायका रडायला लागल्या. पाळकसाहेबांनी चष्मा काढला. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी माझे दोन्ही हात धरले, म्हणाल्या, बाप चुकला पण पोरगा देवाचा निघाला.

एकानं मोबाइलवर सगळं घेतलंय.

उपास होता. पोटात काही नव्हतं, तरी घरी आल्यावर उलटी झाली. आशा म्हणाली, ऊन लागलं.

१९ एप्रिल

काही नाही.

२० एप्रिल, ईस्टर

पहाटेची उपासना. सगळे एकमेकांना भेटत होते. बाबांचा आवाज नव्हता. ते गाताना सुराच्या पुढे पळायचे आणि शेवटच्या ओळीला बाकीच्यांची वाट बघत थांबायचे. आज सगळं गाणं सुरात झालं. फार वाईट झालं.

२२ एप्रिल, मंगळवार

कुणाच्या परवानगीची वाट कशाला बघायची? शाळा सकाळची आहे. दुपारी टिकाव, फावडं, घमेलं घेऊन गेलो आणि बांध उकरून दगडाच्या रेषेत घालायला लागलो. साडेपाचपर्यंत बारा फूट सरकला. पुढे थांबलो नाही, शेजारी ऊस आहे, तिन्हीसांजेला बिबट्या असतो.

हाताला फोड. पण झोप चांगली लागेल असं वाटतंय.

२३ एप्रिल, बुधवार

बांध पुन्हा पहिल्या जागी!

आधी वाटलं, मीच चुकीच्या टोकाला आलो. नाही. माती ताजी होती आणि चपलांचे ठसे नानांचे. बाराच्या बारा फूट नानांनी सकाळी उठून परत आमच्या रानाबाहेर नेऊन ठेवले होते. सत्तरीचा माणूस! वरून फावड्यानं चोपूनही ठेवला होता, माझ्यापेक्षा नीट.

दुपारी मी पंधरा फूट सरकवला.

२४ एप्रिल

पंधरा फूट परत.

२५ एप्रिल

मी अठरा. आता कळलं की गोजरबाई पण कामाला आहेत. लंकाबाईंनी सांगितलं, त्या घमेलं डोक्यावर घेऊन नवऱ्याला ऐकवत होत्या — आख्खं गाव दुसऱ्याच्या रानातली माती आपल्यात ओढतं आणि माझ्या नशिबी आलेला म्हातारा आपल्या रानात आलेली माती दुसऱ्याला नेऊन देतो.

लोक बघायला येतात. सकाळची पाळी नानांची, दुपारची माझी. पोरांनी पैज लावलीय म्हणे, कोण आधी पडतंय.

२६ एप्रिल, शनिवार

आज सकाळीच गेलो, समोरासमोर व्हावं म्हणून. नाना तिथंच होते. आम्ही दोघं बांधाच्या दोन बाजूंना उभे. मी म्हणालो, नाना, हे देवाच्या आज्ञेवरून करतोय, मला अडवू नका.

नाना म्हणाले, कर की. पण देवानं तुला जे सांगितलंय तेच करतोयस ना, का त्याच्या शेजारचं करतोयस?

त्यांना देवाधर्मातलं काय कळतंय असं मनात आलं. ते लगेच चुकीचं वाटलं. घमेलं उचलून घरी आलो.

२७ एप्रिल, रविवार

दोन तरुण नारायणगावाकडून मोटारसायकलवर आले. मोबाइल समोर धरूनच उतरले. जमिनीचं आमिष दाखवून एका शेतकऱ्याचं धर्मांतर चाललंय, अशी त्यांना खबर होती. कुणीतरी माझ्या साक्षीचा व्हिडिओ पुढे पाठवला होता.

मला विचारलं, बोला. मला बोलता आलं नाही. त्यांना वाटलं, लपवतोय.

मग ते नानांकडे वळले. नाना शेण भरत होते. त्यांनी टोपलं खाली ठेवलं, हात पुसले, मोबाइलच्या अगदी जवळ तोंड नेलं.

"माझा धर्म तीन फुटाचा हाय व्हय रं?"

पोरं म्हणाली, तसं नाही बाबा. नाना म्हणाले, एकर दीड एकर असतं तर इचार केला असता. मग त्यांना रान दाखवायला नेलं. पट्टा पाहिल्यावर एकानं मोबाइल खिशात घातला. दुसऱ्यानं टेप मागितली. मोजून म्हणाला, एवढा तर माझ्या चुलत्यानं आमचा बांध खाल्लाय — आणि चुलत्याबद्दल पाऊण तास बोलत बसला. गोजरबाईंनी त्यांनाही चहा दिला.

संध्याकाळी पाळकसाहेबांचा फोन. आवाज बारीक. म्हणाले, जरा दिवस थांबा, खोलीच्या मालकानं विचारलंय. देव हृदय बघतो, जमीन बघत नाही.

गेल्या रविवारपर्यंत बघत होता.

२९ एप्रिल, मंगळवार

आण्याहून एक पावणं आले. पागोटं, हातात पिशवी, पिशवीत सातबारा. बसले, पाणी प्याले, म्हणाले, तुमच्या वडिलांनी आमचाही बांध कोरलाय.

मी म्हणालो, बाबांचं आण्यात रान नाही. आणे पठारावर, आम्ही राजुरीत. मध्ये कितीतरी गावं.

म्हणाले, तेही खरंच. पण आमचा कोरलाय कुणीतरी, आणि कबूल करणारे एकटे तुम्हीच निघालात, म्हणून म्हटलं बघावं विचारून.

त्यांच्यासाठी वाईट वाटलं. जेवून गेले. जाताना बाबांच्या फोटोला हात जोडून म्हणाले, मोठा माणूस, चोर असला तरी.

मी दारातच उभा राहिलो. आशानं हाक मारली तेव्हा ऐकू आलं नाही.

१ मे, गुरुवार

सकाळी शाळेत निकाल. नंतर गावात ग्रामसभा.

राघूभाऊंनी पाण्याचा विषय झाल्यावर ठराव मांडला. आता शब्दशः आठवत नाही, पण असा — गेणूभाऊ हे गावातले अत्यंत सरळ शेतकरी होते, त्यांनी कुणाच्याही बांधाला हात लावलेला नाही, सबब कुठलाही बांध हलवायची किंवा मोजायची गरज नाही.

मी उभा राहिलो. म्हणालो, हे खोटं आहे, माझ्या बाबांनी तीन फूट खाल्ले, तसं लिहून घ्या.

सगळे एकदम बोलायला लागले. बाप मरून दोन महिने झाले नाहीत आणि हा भर सभेत त्याला चोर म्हणतोय. कुणी सांगितलं, गेणूभाऊनं रस्त्यात सापडलेली शेळी तीन दिवस सांभाळून परत केली होती. कुणी सांगितलं, दुष्काळात विहीर उघडी ठेवली होती. कुणी सांगितलं, धर्म बदलला तरी माणूस बदलला नव्हता. जो तो बाबांचं एकेक चांगलं सांगत होता आणि मी एकटा उभा राहून सांगत होतो की नाही, ते चोर होते.

राघूभाऊ म्हणाले, मत घेऊ.

ठरावाच्या बाजूनं सगळे हात वर. विरोधात मी एकटा. आशा बायकांत बसली होती, तिचे हात मांडीवर. नाना मागे खांबाला टेकून. त्यांचा हात ना इकडे, ना तिकडे.

ठराव मंजूर. माझ्या बाबांनी बांध कोरला नाही, असं बहुमतानं ठरलं.

येताना आशाला विचारलं, तू हात का वर केला नाहीस. म्हणाली, ठराव खरा वाटत होता, आणि तुमच्या विरोधात हात वर करवेना.

२ मे

सगळे म्हणतात, सुटलास. पाळकसाहेब म्हणाले, गावानंच त्यांना निर्दोष ठरवलं, यात देवाचा हात बघा. हर्षालीनं पेढे आणायला सांगितलं.

देव हात मोजत नसावा.

बेडूक चपलेतून गेला. दुपारी नव्हता.

४ मे, रविवार

उपासनेला गेलो नाही. असं लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

रानात गेलो. नाना हद्दीच्या दगडावर बसले होते, बाबा बसायचे तसे, पाय हरळीत. फावडं नव्हतं. मीही नेलं नव्हतं. मी खाली ढेकळावर बसलो.



मग त्यांनी विचारलं, गेणूभाऊ हितं कशापायी बसायचा?

म्हणालो, नांगरट बघायला. थकायचे.

"चालू नांगराच्या वाटंत कोण थकून बसतं?"

मी ढेकूळ फोडत राहिलो. मधला दगड निघाला, तो बाजूला ठेवला.

नाना म्हणाले, दर साली नांगरट झाली की गेणूभाऊ त्यांच्याकडे जायचा. पहिल्या साली नानाच भांडायच्या तयारीत होते, फावडं घेऊनच बसले होते. तर गेणूभाऊ म्हणाला, नाना, जे गेलंय ते तुझं हाय, पण तू ते आत्ता घिऊ नको आणि माझ्याकडनं तर घिऊच नको. देणारा आपल्या पायानं यील. नानांनी शब्द दिला. मग दर साली तो यायचा, चहा प्यायचा, म्हणायचा, औंदा न्हाई आला.

"सोळा येळा आला," नाना म्हणाले. "मंग ट्रॅक्टर इकला तुमी. तवापासनं नुसताच यायचा, चहाला."

मी विचारलं, एवढी वर्षं तीन फुटांसाठी थांबलात?

म्हणाले, तीन फुटाला काय करायचंय? शब्द दिला व्हता. आणि तुझा बाप देवाकडं काय मागत व्हता ते मला ठावं व्हतं. मला तुमच्या देवाचं काय कळत न्हाई. पर मधी तोंड घालावं असं वाटलं न्हाई.

ते उठले. दगडाला हात टेकून, दोन टप्प्यांत. म्हणाले, आता ऊन झालं.

मी तिथंच बसून राहिलो. दगडाभोवतीचं पडीक रान नीट बघितलं. गोल आहे. एका बाजूनं वळसा सुरू होतो, दुसऱ्या बाजूला संपतो, आणि पुढे नांगराची रेघ पुन्हा सरळ, बांधाच्या दिशेनं. बसलेल्या माणसाच्या गुडघ्यांपासून वीतभर अंतर सोडलेलं आहे.

घरी येऊन पुस्तक उघडलं. 'मे २००४.' पहिली रेघ जरा तिरकी आहे.

तो महिना, ट्रॅक्टर दारात आला तो, मला चांगला आठवतो. मी वीस वर्षांचा होतो.

५ मे

जेवलो नाही. आशानं काही विचारलं नाही. तिला माहीत असावं. लंकाबाईंना माहीत आहे. निम्म्या गावाला माहीत असणार — शिवार उघडंच असतं.

या वहीत पहिल्या पानापासून 'बाबांनी' असं लिहिलंय. खोडणार नाही. राहू दे.

६ मे, मंगळवार

बाबांना ट्रॅक्टर येत नव्हता. मला येत होता.

सकाळी नानांच्या गोठ्यावर जाऊन एवढंच सांगितलं. नाना धार काढत होते. हात थांबले. म्हणाले, "आता दे."